हान साहेबांचा पहिला भाग

जालना रोडवर चिकलठाण्याजवळ शेळ्यांचा कळप आडवा आला की बाकीचे गाडीवाले हॉर्न वाजवतात. हान साहेब ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरायचे आणि बघत उभे राहायचे. मागं ट्रकांची रांग, समोर कडेला कागद चघळणारा बोकड, दुभाजकावर चढून बसलेली एक शेळी, दोन उलट्या फिरलेल्या, आणि एकेकीच्या मागं पळत तोंडानं नाना तऱ्हेचे आवाज काढणारा मुंडाशातला म्हातारा. या सगळ्याच्या मधोमध गळ्यात टाय बांधलेला एक कोरियन माणूस, जत्रेत आल्यासारखा खूष. कळप एकदाचा पलीकडं गेला की हान साहेब त्या म्हाताऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करायचे. म्हाताराही भांबावून हात जोडायचा. मग गाडीत बसता बसता हान साहेब मला म्हणायचे, "काका, पहिला भाग! लई भारी!"

मला शुगर तपासायला अधूनमधून त्या बाजूच्या दवाखान्यात जावं लागतं. कारखान्यात जाता जाता ते मला सोडायचे, म्हणून हा प्रकार मी पुष्कळदा पाहिलेला आहे.

पहिला भाग म्हणजे काय, ते सांगायला थोडा वेळ लागेल. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या सोसायटीत हान साहेबांचा विषय निघाला तर आजही 'तो जुगारी कोरियन' असंच म्हणतात. हान साहेबांच्या हातात मी कधी पत्ता पाहिलेला नाही. ती अफवा खोटी आहे, आणि ती कुठून निघाली हे माझ्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नाही. वय झालंय. राहून गेलेली काही कामं आता उरकायला हवीत, त्यांतलं हे पहिलं.

हान साहेब आमच्या डोक्यावर राहायला आले, म्हणजे आम्ही तळमजल्यावर आणि ते बरोबर आमच्या वर. मी सोसायटीचा सचिव. नव्या भाडेकरूची नोंद करायला मी गेटवर गेलो, वॉचमन शेजारी उभा होता. मी विचारलं, "आपलं नाव?" ते वाकून म्हणाले, "हान." आमच्याकडं 'हान' म्हणजे सरळ 'मार'. वॉचमननं काठी सावरली. पुढं त्यांची चांगली मैत्री झाली, पण पहिली काही मिनिटं नाजूक गेली.

मराठी ते कारखान्यात शिकले. शिकवणारे फिटर आणि वेल्डर सगळे वैजापूर, कन्नड, देवगाव रंगारीकडचे. त्यामुळं इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, केस चापूनचोपून बसवलेले, आणि तोंड उघडलं की, "काका, जेवलात का? ऊन लई हाय बगा." माझी बायको शालिनी शाळेत मराठी शिकवायची. तिनं त्यांना शुद्ध बोलायला शिकवायचं मनावर घेतलं. "नाय नव्हे हो, नाही म्हणायचं." हान साहेब विचार करून म्हणाले, "काकू, 'नाही' म्हटलं की माणूस ऐकत नाय. 'नाय' म्हटलं की ऐकतो." शालिनीनं तो नाद सोडला.

त्यांचे तीन शब्द ठरलेले. पसंत असेल तर 'लई'. ऐकलं, समजलं, करतो, माफ करा, या सगळ्यासाठी 'व्हय', आणि सोबत मान खाली. आणि नापसंत असेल तर ओठ मिटून, जरा थांबून, 'नाय'. या तीन शब्दांवर त्यांनी सगळा कारखाना चालवला. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात हजारो शब्द वापरले आणि एक पूल वेळेवर झाला नाही.

बूट ते दाराबाहेर काढायचे, पण टाचा भिंतीकडं आणि टोकं जिन्याकडं. जणू आतल्या माणसाला आत्ता, या क्षणी कुठंतरी निघायचं आहे. रविवारी दुपारी अशा बुटांचे पाच जोड ओळीनं लागलेले असत. शहरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांमधले चार कोरियन त्यांच्याकडं जमायचे. आणि मग माझ्या डोक्यावर, ऐन माझ्या वामकुक्षीच्या वेळी, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू व्हायचा. मधूनच खुर्च्या सरकायच्या, कुणीतरी ओरडायचं, मग सगळे हसायचे, मग पुन्हा गारा.

पहिल्यांदा मी वर गेलो तो तक्रार करायला नव्हे, तर शालिनीनं दिलेला भरल्या वांग्यांचा डबा घेऊन. आत हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही. पाच टेबलं, पाच खुर्च्या आणि पाच जुने कॉम्प्युटर, पाठीमागं कुबड असलेले काचेचे. जमिनीवर वायरींचं जाळं. पाचही जण पडद्यांत नाकं खुपसून बसलेले आणि दहा हातांची बोटं कीबोर्डांवर अशी काही चाललेली की मला वाटलं कारखान्याचं काही तातडीचं काम आहे.

ते खेळत होते. एक जुना लढाईचा खेळ. खाणीतून माल काढायचा, छावण्या बांधायच्या, शिपाई तयार करायचे आणि समोरच्याची छावणी पाडायची. मी पाठीमागं उभा राहून बघितलं. चित्रं अगदी ओबडधोबड, शिपाई म्हणजे मुंगीएवढे ठिपके. ही पाच मोठमोठ्या पगाराची माणसं त्या ठिपक्यांसाठी घामाघूम झाली होती.

हे कॉम्प्युटर हान साहेबांनी कुठून आणले, ते पुढं कळलं. औरंगपुऱ्यात एका बोळात नसीमभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी माझा प्रिंटर घेऊन गेलो, तर पत्ता ऐकून नसीमभाईंनी कपाळाला हात लावला. "वो हान साब तुमारे बिल्डिंग में रहते क्या? काका, मैं बोला उनकू, इत्ते पैशे में नवा लॅपटॉप आता, पतला, पापड़ के जैसा. बोले, 'नाय.' मैं बोला, चलो माऊस तो बिना वायर का लेओ. बोले, 'नाय, वायर पायजे.' लोगां मेरे पास भंगार बेचने कू आते, ये अकेला आदमी भंगार लेने कू आता!"

कीबोर्ड घेतानाचा त्यांचा सोहळा नसीमभाईंनी मला करून दाखवला. डोळे मिटायचे, कीबोर्डवर दहाही बोटं पाऊस पडल्यासारखी चालवायची आणि कान लावायचा. एक नाकारला, "हा खोकतो." दुसरा नाकारला, "हा झोपला." तिसऱ्यावर चेहरा उजळला, "हा बोलतो!" नसीमभाई म्हणाले, "मैंने दुकान बंद करके खुद बजाके देखा काका, खुदा कसम. सच्ची में बोलता."

आता पहिल्या भागाकडं येतो. या खेळाचा दुसरा भाग कधीचाच निघाला आहे. चित्रं झकास, सगळं नवं. बाहेरच्या जगानं तो डोक्यावर घेतला, पण कोरियातले पुष्कळ जुने खेळाडू पहिल्यालाच चिकटून राहिले. का, यावर त्या हॉलमध्ये दर रविवारी एक फेरी व्हायची. कोरियनमध्ये भांडायचे, पण मी आलो की माझ्यासाठी थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत.

चौघांत सर्वांत तरुण होता ली. त्याची नवी मोटरसायकल, नवा लॅपटॉप, आणि दुसऱ्या भागाची बाजू तोच घ्यायचा. "अंकल, बघा, यात गवत हलतं!" त्यानं मला लॅपटॉपवर दाखवलंही. खरंच हलत होतं. दुसऱ्या एकाचं म्हणणं असं की दुसरा भाग जास्त चांगला आहे, पण माझी बोटं पहिल्याच्या वेळची आहेत, ती आता नवीन काही शिकायला तयार नाहीत. तिसऱ्याचं म्हणणं, पहिला भाग आमच्याकडं टीव्हीवर दाखवायचे, माझ्या आईला क्रिकेटवाल्यांसारखी खेळाडूंची नावं पाठ होती; दुसऱ्यातलं तिला कोण ओळखीचं? चौथा गप्प बसायचा. तो घरी दुसरा भाग चोरून खेळत असे आणि हे हान साहेबांना माहीत होतं. ते त्याच्याकडं, दारू सोडली म्हणणाऱ्या मेव्हण्याकडं बघावं तसं बघायचे.

मी हान साहेबांना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय खटकतं?"

ते म्हणाले, "चित्र लई भारी. आवाज लई भारी. शिपाई लई शहाणे."

"मग?"

"पहिल्या भागात शिपाई येडे, काका. दारात अडकतात. एकमेकाला धडकतात. एक इकडं, एक तिकडं. एकेकाला हाताला धरून न्यावं लागतं. दुसऱ्या भागात सगळ्यांना एकदम 'जा' म्हटलं, की सगळे जातात."

"मग ते चांगलंच की हो!"

हान साहेबांनी ओठ मिटले. "नाय. सांगितलं की जातात, तर मग मी कशाला?"

मी बांधकाम खात्यातला माणूस. एकदा सांगून कुणी गेलेलं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मला पहिला भाग तिथंच समजला, आणि जालना रोडवरच्या शेळ्याही समजल्या.

त्यांच्यात आणखी एक रीत होती, ती मला फार आवडली. हरतोय हे कळलं की हरणाऱ्यानं समोरच्याला पडद्यावर दोन अक्षरं लिहायची, इंग्रजी जी आणि पुन्हा जी. म्हणजे, खेळ छान झाला. ते लिहिल्याशिवाय उठायचं नाही. जिंकणाऱ्यानं आधी लिहिलं तर तो माज झाला. "हरणारा बोलतो," हान साहेब म्हणाले. "मग खेळ संपला. तो बोलला नाय, तर संपला नाय." मी ही रीत घरी आणली. शालिनीशी माझा वाद झाला आणि मी चुकलो असं दिसायला लागलं, की ती पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणायची, "जीजी म्हणा आणि उठा." माझ्या घरी दिवसाकाठी बरेच खेळ संपू लागले.

एका रविवारी लीनं हट्टच धरला. एकदा तरी माझ्याशी दुसरा भाग खेळा. हान साहेब 'नाय' म्हणाले, पण बाकीच्यांनी उचलून त्यांना लॅपटॉपपुढं बसवलं. मी मुद्दाम थांबलो. बराच वेळ खेळ चालला, आणि हान साहेब जिंकले. लीनं हसत ती दोन अक्षरं लिहिली. हान साहेब चष्मा पुसत बसले.

मी म्हटलं, "जिंकलात की!"

"व्हय."

"मजा नाही आली?"

"आली," ते म्हणाले, शेजारणीच्या आमटीला बायकोसमोर चांगलं म्हणावं लागलं तसे. मग हळूच, "वाईट नाय, काका. वाईट असता तर बरं झालं असतं."

तेव्हा मला हे वाक्य विनोदी वाटलं होतं. मी खाली येऊन शालिनीला सांगितलं, आणि ती हसली नाही.

आता ते दुसरं, अफवेचं, सांगतो.

उन्हाळा आला. माझी रात्रीची झोप कमी झाली होती, त्यामुळं दुपारच्या झोपेवर माझा फार जीव. आणि रविवारी वरून गारा. एकदा सांगितलं असतं तर हान साहेबांनी 'व्हय' म्हणून आवाज बंद केला असता, हे मला पक्कं माहीत होतं. पण वांग्याचे डबे देऊन-घेऊन झाल्यावर तोंडावर तक्रार करायचा मला संकोच वाटला. सोसायटीच्या मासिक सभेत, शालिनी शेजारी बसलेली असताना, मी म्हटलं, वरच्या मजल्यावर रविवारी बाहेरची माणसं जमतात, आरडाओरडा होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गुंजाळ मॅडमनी विचारलं, "करतात तरी काय एवढे जण मिळून?"

ते काय करतात हे मी पाहिलेलं होतं. मला हलणारं आणि न हलणारं गवतही माहीत होतं. पण पन्नाशीकडं झुकलेली माणसं लुटुपुटीची लढाई खेळतात म्हणून सभेनं काही केलं नसतं. सगळे हसले असते आणि माझी झोप तशीच राहिली असती. मी म्हटलं, "आता काय सांगू मॅडम. खेळतात. हरणारे हरतात, जिंकणारे जिंकतात. तुम्हीच समजा."

शब्दाला शब्द बघायला गेलं तर मी खोटं बोललो नव्हतो. अशा बोलण्यात मी नोकरीत तरबेज झालो होतो. सभेनं काय समजायचं ते समजलं. रविवारी बाहेरच्या मंडळींनी जमायचं नाही, असं ठरलं. आणि सचिव म्हणून ते हान साहेबांना सांगायला मीच गेलो. "सोसायटीचं म्हणणं आहे," असं मी म्हटलं. माझं म्हणणं आहे, असं नाही.

त्यांनी मान खाली घातली. "व्हय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हान साहेब पेरांच्या, म्हणजे नासपतीच्या, पेट्या घेऊन दारोदार फिरले. त्यांच्याकडं आवाजाचा त्रास झाला तर शेजाऱ्यांकडं फळं घेऊन जाऊन माफी मागायची पद्धत आहे. प्रत्येक दारात कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "आवाज झाला. चूक झाली." लोकांनी पेट्या घेतल्या आणि दार लावल्यावर म्हणाले, बघा, चोराच्या मनात चांदणं असल्याशिवाय कोण एवढी फळं वाटतं? सर्वांत मोठी पेटी आमच्याकडं आली. शालिनीनं पेर कापून माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः एक फोड खाल्ली नाही. "गोड आहेत का?" एवढंच तिनं विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांनी कुठूनसे जुने टेनिसचे चेंडू आणले, प्रत्येकाला चीर पाडली आणि खुर्च्यांच्या पायांना बसवले. खुर्ची सरकली तरी आवाज नको म्हणून. ज्या खुर्च्यांवर आता कुणी बसणार नव्हतं, त्या खुर्च्यांना.

त्यांच्या मित्रांनी तोडगा काढला. ली म्हणाला, जमायची गरजच काय? दुसरा भाग घेऊ. आपापल्या घरी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, इंटरनेटवरून खेळायचं. त्यात अडचण काहीच नव्हती. चोरून खेळणारा उघडपणे खेळू लागला. ज्याची बोटं शिकायला तयार नव्हती, त्याचीही शिकली. रविवार शांत झाले. माझ्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायला लागली. झोप मात्र पूर्वीसारखी लागेना. ते मी उन्हाळ्यावर ढकललं.

आणि एका रविवारी पुन्हा आवाज सुरू झाला. खुर्च्यांचा नव्हे, पावलांचा. धावणाऱ्या पावलांचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, थोडं थांबून पुन्हा उलट. मधूनच गारा. मला संताप आला. सोसायटीनं ठरवलेलं असताना माणसं आणलीच शेवटी! रंगेहाथ पकडायचं म्हणून मी बनियनवरच जिना चढलो. दाराबाहेर बुटांचा एकच जोड होता. बाकीचे आत लपवलेत, मी मनात म्हटलं, हुशार आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

आत हान साहेब एकटेच होते.

पाचही कॉम्प्युटर चालू होते, पण खेळ दोनांवर चालला होता, खोलीच्या दोन टोकांना. पायांत मोजे, शर्टाच्या बाह्या वर, कपाळावर घाम. एका खुर्चीवर बसायचे, बोटं चालवायचे, झटक्यात उठायचे, वायरी ओलांडत धावत दुसऱ्या खुर्चीवर जायचे, तिथं बसून पहिल्यावर हल्ला करायचे, की पुन्हा तो वाचवायला धावत इकडं. मी दारात उभा आहे हे त्यांना कळलंच नाही. शेवटी एका बाजूची छावणी पडली. त्या खुर्चीवर बसून त्यांनी ती दोन अक्षरं लिहिली. मग उठले, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून किंचित वाकले.

वळल्यावर मी दिसलो. चेहरा पडला.

"काका, आवाज झाला?" त्यांनी घाईघाईनं खुर्चीच्या पायाकडं बोट दाखवलं. "बॉल लावले होते." मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "याला लावायचे राहिले."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "एवढं पळायचं कशाला हो? एका जागी जरा जास्त वेळ बसावं."

"इकडं जास्त बसलो तर तिकडचा हरतो. बरोबर नाय."

"आणि मित्रांबरोबर तो दुसरा भाग का नाही खेळत? ते सगळे खेळतायत ना आत्ता?"

"खेळलो, काका. दोन रविवार." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "चांगला हाय. पण ली जिंकला की ओरडतो, ते कानात ऐकू येतं. ओरडताना टेबलावर हात मारतो, टेबल हलतं, माझा चहा सांडतो, ते नाय येत."

मग त्यांनी सांगितलं. थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत, मध्येच कोरियनमध्येही, आणि मला सगळं समजलं. ते शाळेत असताना त्यांच्या देशात फार वाईट दिवस आले, कारखाने बंद पडले, त्यांच्या वडिलांची नोकरी गेली. वडील रोज सकाळी कोट घालून निघायचे आणि संध्याकाळी यायचे. कुठं जातात ते घरात कुणी विचारत नसे. घरात कुणी बोलतच नसे. गल्लीच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटरवर खेळायची एक खोली निघाली होती. तिथं ऊब होती, गर्दी होती, खांद्याला खांदा लागायचा, आणि सगळे ओरडायचे. हा खेळ तिथला. "एक दिवस शाळा बुडवून लवकर गेलो," हान साहेब म्हणाले. "कोपऱ्यातल्या खुर्चीवर वडील. कोट घालून. खेळत होते. लई वाईट खेळत होते. शिपाई सगळे दारात अडकलेले."

"मग?"

"मग काय. शेजारची खुर्ची रिकामी होती."

मी लीच्या खुर्चीवर बसलो. म्हटलं, "मला काय करायचंय?"

"काय नाय. लई सोपं हाय." त्यांनी माझा हात धरून माऊसवर ठेवला. "बसा. आणि हरा."

मी हरलो. माझे शिपाई माझ्याच दारात अडकून मेले.

त्या संध्याकाळी मी लीला फोन केला. पुढच्या रविवारी पाचही कॉम्प्युटर माझ्या हॉलमध्ये आले. तळमजला, खाली त्रास व्हायला कुणी नाही, आणि ठराव मोडला म्हणून विचारणारा सचिव मीच. नसीमभाई स्वतः येऊन वायरी जोडून गेले आणि जाताना म्हणाले, "काका, तुमकू भी एक बोलने वाला कीबोर्ड भेजतऊं." आमच्या दाराबाहेर बुटांची रांग लागली, टोकं बाहेर. मी दुपारची झोप सोडली. ली गवताचं कौतुक सांगतच राहिला आणि टेबलावर हात मारतच राहिला.

सोसायटीत बातमी पसरली की सचिवही नादी लागले. गुंजाळ मॅडमनी शालिनीला गाठून हळूच विचारलं, "हरतात का हो तुमचे?" शालिनी म्हणाली, "दर रविवारी."

सभेत मी उभा राहिलो आणि खरं काय ते सांगितलं. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, लहान मुलांसारखा खेळ आहे, आणि मला हे तेव्हाही माहीत होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. आता मीच त्यांच्यात बसत होतो ना. "तुम्ही भले म्हणून पांघरूण घालताय," असं म्हणून सभा पाण्याच्या टाकीकडं वळली. खोटं मी अर्ध्या वाक्यात पसरवलं होतं. खऱ्यासाठी सगळी सभा पुरली नाही. म्हणून हे लिहितोय.

मग हान साहेबांची बदली झाली, पोलंडला. जाण्याआधी पुन्हा पेट्या घेऊन ते दारोदार गेले. काही दारं उघडली नाहीत. आत टीव्ही चालू होते. मी जिन्याखाली उभा राहून त्यांना बंद दारापुढं वाकलेलं पाहिलं. पेटी उंबऱ्याशी ठेवली, चौकटीला समांतर, आणि पुढच्या दाराकडं गेले.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. विमानतळ चिकलठाण्यालाच, जवळ, त्यामुळं रस्त्यात धीर करायला वेळ मिळाला नाही. त्या दिवशी शेळ्याही आडव्या आल्या नाहीत. शेवटी आत जायच्या दारापाशी मी म्हटलं, "हान साहेब, जुगाराचं लोकांच्या डोक्यात मी घातलं होतं. सोसायटीचं म्हणणं नव्हतं. माझं होतं."

"व्हय."

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"माहीत हाय, काका. काकूंनी सभेच्याच दिवशी सांगितलं."

माझ्या डोळ्यांपुढं ती पेटी आली. "मग सगळ्यांत मोठी पेटी आमच्याकडं का दिली?"

हान साहेबांनी हातातली बॅग खाली ठेवली.

"तुमची झोप मोडली होती," ते म्हणाले. "ते खरं होतं."

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं वाकायला सुरुवात केली. मी त्यांचा खांदा धरून त्यांना थांबवलं, म्हटलं, "तुम्ही नाही. हरणारा बोलतो." आणि मी, या वयात जमेल तितकं, आधी वाकलो.